प्लिकर्सची कार्डं आणि खडू-फळा : चौथीच्या वर्गातला अनुभव

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीला शिकवते. जूनपासून गणिताला प्लिकर्स हे प्रश्नोत्तरांच्या खेळाचं ॲप वापरते आहे. मुलांकडे मोबाईल लागत नाही, म्हणून तेच निवडलं. प्रत्येकाला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं छापील कार्ड, चार बाजूंना ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड धरायचं. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं काय उत्तर ते कळतं. प्रत्येकाची नक्षी वेगळी आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून काही साधत नाही.

खरा उपयोग अपूर्णांकांत झाला. १/३ मोठा की १/४, असं तोंडी विचारलं की पुढच्या बाकांवरून बरोबर उत्तर येतं आणि वर्गाला समजलंय असं वाटतं. कार्डं वर आली तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी १/४ धरला होता. का, म्हणून विचारलं तर एरवी गप्प बसणारी एक मुलगी म्हणाली, "तिनापरस चार व्हड न्ही, टीचर?" म्हणजे, तिनापेक्षा चार मोठे ना?

ही चूक कार्डांनी उघड केली, पण दुरुस्त झाली ती कागदाच्या पट्ट्यांनी. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या, एकीचे ३ भाग, दुसरीचे ४, आणि एकेक भाग शेजारी शेजारी. मग वहीत उदाहरणं. भागाकाराची मांडणी चार पर्यायांत मावत नाही, ती हातानेच गिरवावी लागते. पाढेही रोज मोठ्याने म्हणवून घेते.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. आपल्या गुरुजींची रोजची तोंडी परीक्षा हेच करायची. फक्त तिथे एकालाच आठवावं लागे, इथे सगळ्या वर्गाला. माझ्या मते कार्डांच्या या खेळाचं मोल एवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

काहूट हा पडद्यावरचा प्रश्नमंजुषेचा खेळही शाळेच्या टॅबवर गटागटाने खेळवून पाहिला. नेहमीच्या खेळात लवकर उत्तराला जास्त गुण, त्यामुळे प्रश्न वाचायच्या आधीच बटण दाबलं जातं. सावकाश विचार करणारी मुलं हिरमुसतात. गणिताला मी तो घेत नाही.

कोणी सुरू करणार असाल तर कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. पावसाळ्यात दिवसाही ट्यूब लावावी लागते, तिचा उजेड कार्डावर चमकला की कॅमेरा वाचत नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, बोटं नक्षीवर येऊ देऊ नका आणि एका वेळी चार-पाचच प्रश्न घ्या.