फॉर्मच्या नावातच फ्री होतं आणि मी 2,150 डॉलर भरले

आकडा आधीच सांगून टाकते. 2,150 डॉलर, मुलीचा फॅफ्सा, म्हणजे अमेरिकेत कॉलेजसाठी सरकारी मदत मागायचा फॉर्म, भरून देणाऱ्या एजंटला. त्यात 495 नोंदणीचे, 995 "ग्रँट गॅरंटी पॅकेज"चे, 300 चार कॉलेजांच्या प्रोफाइलचे आणि 360 "फेडरल प्रोसेसिंग फी"चे. सांगलीला आईला अजून सांगितलेलं नाही, कारण ती लगेच रुपयात हिशोब करते, एक लाख ऐंशी हजार होतात, आणि मग तिला रात्रभर झोप लागायची नाही.

आता तुम्ही म्हणाल की फॅफ्सासाठी पैसे कोण भरतं, सगळ्यांना माहीत असतं फुकट असतो. माहीत असतं हो, ज्यांची पोरं इथेच शाळेत वाढली त्यांना. आम्ही 2022 ला न्यू जर्सीत आलो, भावाने भरलेल्या ग्रीन कार्डच्या फाइलवर, सोळा वर्षं वाट बघून. मिस्टर वेअरहाऊसला, मी डे-केअरला. मुलगी सीनियर, म्हणजे बारावीत, झाली तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की कॉलेज महाग असतं आणि काहीतरी फॉर्म भरला की सरकार मदत करतं. आणि गावाकडे फॉर्म स्वतः कोण भरतं? उत्पन्नाचा दाखला काढायला एजंट, नॉन-क्रीमी लेयरला एजंट, महाडीबीटीची स्कॉलरशिप भरायला नेट कॅफेवाल्या पोराला पन्नास-शंभर रुपये. फॉर्म भरायचा म्हणजे कुणाला तरी पैसे द्यायचेच हे आमच्या हाडात बसलेलं. मी माझी बाजू मांडतेय असं वाटत असेल तर हो, मांडतेय.

2024 च्या गणपतीत एका ओळखीच्या वहिनींनी कार्ड दिलं, "आपलाच माणूस आहे, मराठी, कॉलेजचे पैसे मिळवून देतो". त्या बिचाऱ्या स्वतःच फसलेल्या निघाल्या, त्यांचा दोष नाही. ऑक्टोबरमध्ये रूट 1 वरच्या हॉटेलात त्याचं फुकट सेमिनार, हॉलमध्ये साठेक माणसं, मागच्या टेबलावर चहाचा थर्मास आणि स्टीलच्या डब्यात बाकरवडी. त्या बाकरवडीनेच निम्मं काम केलं असं मला आता वाटतं. माणूस साताऱ्याकडच्या बोलीत बोलायचा, प्रत्येक बाईला ताई. "ताई, मागच्या वर्षी काय गोंधळ झाला बघितला ना?"

आणि गोंधळ खरंच झाला होता, ती मेख आहे. सरकारने 2024-25 चा फॉर्म नवीन केला, दरवर्षी ऑक्टोबरला उघडणारा फॉर्म डिसेंबरच्या अगदी शेवटी उघडला, तोही सारखा बंद पडायचा, कॉलेजांना माहिती पोचायला मार्च उजाडला. हे सगळं खरं सांगून झाल्यावर त्याने हळूच खोटं सरकवलं की म्हणून आता साध्या माणसाचं हे काम नाही, एक चूक झाली की फॉर्म बाद, एक्स्पर्टच पाहिजे. खऱ्यात खोटं मिसळलं की कळत नाही हो. शेजारी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावरचं जोडपं बसलं होतं, त्यांच्या एच-4 वरच्या, म्हणजे आईबापाच्या व्हिसावर आलेल्या मुलालाही पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची फेडरल मदत, काढून देतो म्हणाला आणि त्यांच्याकडूनही 495 घेतले. एच-4 वाल्याला फेडरल मदत मिळतच नाही, ग्रीन कार्ड नाहीतर सिटिझनशिप लागते, हे मला नंतर कळलं. त्यांना तर मिळण्याची शक्यताच नव्हती. तेव्हा लिहून ठेवा, "हमखास ग्रँट" हा शब्द कुणी उच्चारला की उठायचं आणि घरी यायचं, बाकरवडी खाऊन या पाहिजे तर.

आता तो दिवस. 24 ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळचे साडेसात. मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर, मुलगी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन. तो म्हणाला ताई, तुमचं आणि मुलीचं अकाउंट मी उघडतोय, चौघांचे सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या आधारसारखे) सांगा. सांगितले. धाकट्याचाही सांगितला, जो चौदा वर्षांचा आहे आणि ज्याचा फॉर्ममध्ये काही संबंधच नव्हता. मग म्हणाला, तुमच्या फोनवर एक कोड आला असेल बघा, वाचून दाखवा. पिठाच्या हाताने मी फोन उचलला आणि सहा आकडे वाचले. ओटीपी कुणाला देऊ नका हे भारतात बँकेचे मेसेज, रिंगटोनच्या आधीची टेप, एटीएमवरची पाटी, सगळ्यांनी वर्षानुवर्षं कानात ओतलेलं, आणि मी आईला फोनवर दर आठवड्याला बजावते की कुणाला कोड देऊ नकोस. मीच दिला. दोनदा. एकदा माझा, एकदा मुलीचा. पीठ त्या स्क्रीनवर लागलेलं मला अजून दिसतं.

आणि त्याच वेळी मुलगी म्हणाली, "आई, फॅफ्सामधला पहिला एफ फ्रीचा आहे. फ्री अ‍ॅप्लिकेशन. नावातच आहे." मी काय म्हणलं माहितेय? "तू गप्प बस, मोठ्यांच्या मधे बोलू नकोस." फोनवर तो हसला आणि म्हणाला, हुशार आहे हं पोरगी, फॉर्म फ्रीच आहे ताई, आमची सर्व्हिस आहे. त्यावर मीही हसले. 995 डॉलर त्याच रात्री कार्डावरून गेले.

लगेच दुसऱ्या दिवशी मेसेज, "अभिनंदन, फॉर्म सबमिट झाला, आमच्याकडे अर्ली अ‍ॅक्सेस आहे". त्या वर्षीचा फॉर्म ऑक्टोबरमध्ये निवडक मुलांवर चाचणी म्हणून चालू होता, सगळ्यांसाठी उघडला 21 नोव्हेंबरला. म्हणजे तारखेतच खोटं होतं, सरकारी साइटवर दोन मिनिटं बघितलं असतं तर तिथेच पकडला असता. नाही बघितलं. का बघायचं, आपला माणूस बघतोय ना. खरा फॉर्म त्याने डिसेंबरात भरला.

नोव्हेंबरात 300 घेतले, चार खाजगी कॉलेजांना सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीचा आणखी एक वेगळा फॉर्म, लागते म्हणून, प्रत्येकी 75. खरा दर पहिल्या कॉलेजला 25 आणि पुढच्या प्रत्येकाला 16, म्हणजे चारचे झाले 73, आणि आमच्यासारख्या एक लाखाच्या आतल्या उत्पन्नवाल्यांना तेही माफ असतात! आणि मुलीला जायचं होतं राज्याच्या युनिव्हर्सिटीत, तिथे ती प्रोफाइल मागतच नाहीत. जानेवारीत 360, "फेडरल प्रोसेसिंग फी", पावतीवर गरुडाचं चित्र. सरकार विद्यार्थ्याकडून फॉर्म तपासायचे पैसे घेत नाही, कधीच नाही, पावतीवर गरुड असो नाहीतर गणपती. हे दोन्ही झेलने, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवतात त्याने, पाठवले, तेही लक्षात ठेवा, कार्डाने दिले तर निदान भांडता तरी येतं. मधे एकदा विम्याची पॉलिसीही गळ्यात मारायला बघत होता, "पैसे तिकडे ठेवले की सरकारला दिसत नाहीत". आमच्याकडे लपवायला पैसेच नव्हते म्हणून वाचलो.

मार्चमध्ये मुलीच्या कॉलेज पोर्टलवर लाल अक्षरात व्हेरिफिकेशन, म्हणजे फॉर्मची तपासणी. फोन केला तर कॉलेजच्या एड ऑफिसमधल्या, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयातल्या, बाईंनी विचारलं, घरात सहा माणसं आहात ना, बाकीची दोन कोण? माझ्या पोटात गोळाच आला. त्या माणसाने सांगलीचे सासू-सासरे आमच्या घरात दाखवले होते, ग्रँट वाढावी म्हणून. खाली सही मुलीची आणि माझी. फॅफ्सावर मुद्दाम खोटं लिहिलं तर 20 हजार डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगही होऊ शकतो, हे त्याच पानावर लिहिलेलं असतं जे मी कधी उघडून पाहिलं नाही. अठराव्या वर्षी पोरीच्या नावावर हे. त्या रात्री मी जेवले नाही, मिस्टर एक शब्द बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

अकाउंटला ईमेल त्याचा, फोन नंबरही नंतर बदलून त्याचाच. आमचंच अकाउंट आमच्या हातात यायला तीन आठवडे गेले, किती तास होल्डवरचं संगीत ऐकलं त्याचा हिशोब नाही, डे-केअरच्या ब्रेकमध्ये कानाला फोन लावून मी पोरांचे डबे भरायचे. एड ऑफिसच्या त्या बाई मात्र देवमाणूस. कागद मागवले, सहाचे चार करून घेतले, वर म्हणाल्या की मुलीच्या शाळेत फॅफ्सा नाइट असते, तिथे समोर बसवून फुकट भरून देतात. ती नोटीस आमच्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलेली होती. माझी शिफ्ट होती त्या दिवशी.

आता तक्रारीचं ऐका. बँकेत गेले, झेलचे 660 तुम्ही स्वतः पाठवलेत, विषय संपला. कार्डाच्या 995 वर डिस्प्यूट टाकला, पाच आठवड्यांनी पत्र आलं की समोरच्याने तुमच्या सहीचा करार दाखवला, सेवा दिलेली आहे. कुठली सेवा? मला तुरुंगाच्या दारात नेऊन उभं करायची? पोलिस स्टेशनला गेले तर काउंटरवरचा तरुण ऑफिसर म्हणाला सही तुमची, कार्ड तुमचं, कोड तुम्हीच दिलात, हे सिव्हिल मॅटर आहे. रिपोर्ट तरी लिहून घ्या म्हणलं तर दोनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा भावाला घेऊन गेले, तो सफाईने इंग्रजी बोलतो, तेव्हा लिहिला. माझ्या इंग्रजीत सांगितलेली चोरी ही चोरी नसते बहुतेक. राज्याच्या एका कार्यालयात चौदा पानांची तक्रार, सगळ्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडून. अकरा आठवड्यांनी उत्तर, आम्ही व्यक्तिगत प्रकरणं चालवत नाही, आपल्या माहितीबद्दल आभार. आभार! ऑनलाइनही एके ठिकाणी टाकली, तिथे तक्रार क्रमांक मिळाला, तो मी जपून ठेवलाय, लॉटरीच्या तिकिटासारखा. स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमांच्या कोर्टात, जावं तर न्यू जर्सीत 5,000 पर्यंत दावा करता येतो, पण नोटीस बजवायला पत्ता लागतो ना, आणि त्याच्या कार्डावरचा "स्वीट 204" म्हणजे पार्सलच्या दुकानातला टपालाचा खण निघाला. मी स्वतः जाऊन बघून आले. पितळेचं बोटभर दार, त्यावर 204.

ज्यांचे नंबर असे बाहेर गेलेत त्यांनी रडत बसण्याआधी इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ करा, म्हणजे तुमच्या नावावर दुसरा कुणी सहजी कर्ज काढू शकत नाही, 2018 पासून फुकट आहे, सोळाच्या आतल्या मुलांचंही आईबाप करू शकतात, मी धाकट्याचं कागद पाठवून केलं. आयआरएस, म्हणजे टॅक्स खात्याकडून, आयपी पिन घ्या, म्हणजे तुमच्या नावावर दुसरा कुणी टॅक्स रिटर्न भरणार नाही. आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्हवर काय काय करायचं ते क्रमाने दिलेलं आहे. आणि अकाउंट मुलाचं मुलाने, तुमचं तुम्ही, स्वतःच्या ईमेलवर उघडा, स्टुडंटएड डॉट गव्हवर, शेवटी गव्हच पाहिजे, डॉट कॉम नाही, डॉट ऑर्ग नाही. नवीन फॉर्मला मी आणि मुलगी मिळून बसलो, टॅक्सची माहिती आयआरएसकडून आपोआप येते, आपण फक्त संमती द्यायची, चहा गार व्हायच्या आत संपला. न्यू जर्सी राज्याची स्वतःची टॅग ग्रँटही त्याच फॉर्मवरून बघतात, वरून राज्याचे थोडे प्रश्न, बस्स.

जूनमध्ये मुलीचं पत्र आलं. पेल ग्रँट 7,395 डॉलर, पूर्ण. आमचं 2023 चं उत्पन्न 51 हजारांच्या आत, घरात चार माणसं, तेवढ्यावरच ती पूर्ण बसत होती, सासू-सासऱ्यांना सांगलीहून आणायची काही गरज नव्हती.

त्या एजंटने मला ब्लॉक केलेलं होतं, पण जुलैत नव्या नंबरवरून मेसेज आला. "ताई, अभिनंदन! कन्येस पूर्ण ग्रँट मिळाल्याचे समजले. करारातील कलम 9 नुसार यशस्वी शुल्क 10 टक्के, 739 डॉलर 50 सेंट. झेल चालेल." खाली नमस्काराचे दोन हात आणि पेढ्याचा फोटो. करार काढून बघितला, कलम 9 खरंच आहे, बारीक अक्षरात, खाली माझी सही.