रायली देऊन लिंडहोम घ्यावा का? ट्रेड-यंत्र सात महिने वापरल्यानंतर

ऑक्टोबरात एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा, हंगाम सुरू झाला तेव्हा संघांतल्या खेळाडूंची अदलाबदल (ट्रेड) मांडून तोलणाऱ्या एका साइटची महिना सहा डॉलरची वर्गणी भरली, ती अजून चालू आहे. म्हणजे यंत्र अगदीच टाकाऊ नाही, हे आधीच सांगून टाकतो. बायको याला 'खऱ्या माणसांचा खोटा बाजार' म्हणते. रात्री साडेदहाला भांडी आवरून मी लॅपटॉप उघडला की तिला कळतं, आज पुन्हा कुणाला तरी बॉस्टनला पाठवायचा विचार आहे.

नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. काम सोपं आहे. आइस हॉकीच्या 32 संघांपैकी दोन निवडायचे, खेळाडू आणि ड्राफ्टचे पिक (दर वर्षी नवे तरुण खेळाडू निवडण्याच्या पाळ्या) इकडून तिकडे ओढायचे. खाली एक आडवी पट्टी असते. सौदा बरोबरीचा असेल तर ती पिवळी, नाहीतर ज्याचा फायदा त्याच्या बाजूला हिरवी होत जाते. बाजूच्या रकान्यात दोन्ही संघांचा पगाराचा हिशेब. पूर्वी हे सगळं मी कॅपफ्रेंडलीवर करायचो. 2024 मध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाने ती साइटच विकत घेतली, आणि आमच्यासारख्या घरबसल्या मॅनेजरांना दुसरं दुकान शोधावं लागलं.

मी टोरांटोजवळ मिसिसागात राहतो, म्हणजे टोरांटोचे मेपल लीफ्स आपोआप गळ्यात पडले. स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, शेवटचं 1967 साली जिंकलेला संघ. माझा कॉलेजातला मित्र बॉस्टनजवळ असतो आणि तिथल्या ब्रुइन्स संघाचा कट्टर आहे. दोघं सांगलीचे. दोघांनाही पंचविशी उलटेपर्यंत बर्फावर धड उभं राहता येत नव्हतं, पण आता एकमेकांचे खेळाडू मागतो. या यंत्रात सौद्याचा मसुदा थेट दुसऱ्याला पाठवता येतो. तो उघडतो, बदलतो, परत पाठवतो. खरं सांगायचं तर वर्गणी त्या एका बटणासाठी आहे.

नवख्यांसाठी दोन शब्द. आयपीएलमध्ये हार्दिक पंड्या 2023 मध्ये गुजरातकडून मुंबईकडे आला तो निव्वळ रोखीत. इथे तसं चालत नाही. पगाराची मर्यादा कडक आहे: 2024-25 मध्ये 8.8 कोटी डॉलर, 2025-26 मध्ये 9.55 कोटी. खेळाडू येतो तो त्याचा उरलेला करार पाठीवर घेऊन. देणारा संघ त्यातला निम्म्यापर्यंतचा पगार स्वतःकडे ठेवू शकतो, त्याला रिटेन करणं म्हणतात. आणि मोठ्या खेळाडूंच्या करारात 'नो-मूव्ह' कलम असतं: माझ्या संमतीशिवाय मला हलवायचं नाही.

आता पहिली तक्रार. रिटेन करायचा पगार या यंत्रात फक्त 0, 25 किंवा 50 टक्केच निवडता येतो. मार्च 2025 मध्ये बॉस्टनने बचावपटू ब्रँडन कार्लो टोरांटोला दिला तेव्हा रिटेन केले होते 15 टक्के, म्हणून त्याचे 41 लाख आमच्या खात्यावर 34 लाख 85 हजार झाले. बदल्यात तरुण फ्रेझर मिंटन, चौथ्या फेरीचा एक पिक आणि 2026 चा पहिल्या फेरीचा पिक, तोही पहिल्या पाचात न आला तर. खऱ्या आयुष्यातला हा सौदा मला माझ्या यंत्रात हुबेहूब मांडता येत नाही! 15 टक्के नाहीत आणि 'पहिल्या पाचात न आला तर' लिहायला जागाही नाही. नोव्हेंबरात मदत-विभागाला लिहिलं. 'आपली सूचना टीमपर्यंत पोचवली आहे' असं उत्तर आलं. बहुतेक टीम अजून वाचतेय.

एडमंटन आणि कॅल्गरीचं घ्या. अल्बर्टातल्या या दोन शेजाऱ्यांचं हाडवैर. 2019 मध्ये दोघांनी आपापलं नकोसं ओझं बदललं: जेम्स नील एडमंटनला, मिलान लुचिच कॅल्गरीला. एडमंटनने लुचिचचे साडेबारा टक्के रिटेन केले आणि वर अट: नीलने निदान 21 गोल केले आणि लुचिच त्याच्यापेक्षा दहाने तरी मागे राहिला, तर कॅल्गरीला तिसऱ्या फेरीचा पिक. नील 19 वर आणि लुचिच 8 वर असताना कोविडमुळे हंगाम थांबला. शेवटी लीगने निवाडा करून पिक कॅल्गरीला दिला. गोलांच्या फरकावर पैज लावणारा असला करार दोन वैरीच करतात. परक्याशी करताना कुणी इतका कीस पाडत नाही. माझ्या यंत्रात हा सौदा म्हणजे नुसती नील-लुचिच अदलाबदल, पट्टी पिवळी, विषय संपला.

जुन्या हंगामांचा विभाग मात्र झकास आहे. 2005 मध्ये पगारमर्यादा आली तिथपासूनचे संघ त्यात आहेत. पहिल्याच रात्री मी जखमेवरची खपली काढली: जून 2006, बॉस्टनला टूका रास्क देऊन अँड्र्यू रेक्रॉफ्ट. रास्क म्हणजे आदल्या वर्षी 21 व्या क्रमांकावर घेतलेला, एनएचएलमध्ये एकही सामना न खेळलेला गोलरक्षक. रेक्रॉफ्टही गोलरक्षकच, 2004 चा सर्वोत्तम नवोदित. पट्टी आमच्या बाजूला हिरवीगार! मी बराच वेळ बघत बसलो. इतकी वर्षं त्या सौद्याला शिव्या घातल्या, आणि त्या दिवशी उपलब्ध असलेल्या आकड्यांवर मीही तोच केला असता. रेक्रॉफ्टने पहिल्या वर्षी 37 विजय मिळवून क्लबच्या विक्रमाची बरोबरीही केली. दोन वर्षांत तो गेला. रास्क बॉस्टनच्या गोलात उभा राहिला आणि 2013, 2018, 2019 असे तीन सातवे, म्हणजे प्लेऑफ मालिकेतले निर्णायक, सामने आम्ही त्याच्यासमोर हरलो. 2013 मध्ये तर तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात 4-1 ने पुढे होतो. मित्राला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचं उत्तर: 'हिरवी पट्टी फ्रेम करून लाव.'

तिथून मला कळायला लागलं की या यंत्राला वैरी म्हणजे काय हे कळत नाही. रास्क बॉस्टनला दिला काय आणि फिनिक्सला दिला काय, पट्टी तीच. आमच्या वडिलांनी एकदा नडीला अर्धा एकर विकला, तोही बांधाला बांध असलेल्या भावकीतल्याच माणसाला. भाव बरा आला होता. पण पुढे दर वर्षी त्या तुकड्यातला ऊस त्यांना आपल्या बांधावरून दिसायचा, आणि दर वर्षी ते म्हणायचे, तिऱ्हाइताला पाच हजारांनी कमी घेऊन दिला असता तर बरं झालं असतं. हे पाच हजार यंत्रात कुठे भरायचे?

हॉकीत त्याला सरळ हिशेबी कारणही आहे, नुसती भावना नाही. टोरांटो, बॉस्टन, मॉन्ट्रियल, फ्लोरिडा हे सगळे एकाच अटलांटिक विभागात. हंगामात तीन-चारदा समोर येतात, आणि प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्यांत सहसा विभागातल्यांचीच आपसात गाठ पडते. म्हणजे दिलेला खेळाडू तुमच्याकडून वजा होतो आणि नेमका तुमच्या वाटेवर अधिक होतो. डिसेंबरपासून मी आपलाच नियम केला: विभागातल्या संघाशी सौदा असेल तर पट्टी आमच्याकडे स्पष्ट हिरवी दिसेपर्यंत मसुदा पाठवायचा नाही, पिवळीवर समाधान नाही. मित्रानेही तोच नियम केला. त्यामुळे जानेवारीभर आमचा एकही सौदा झाला नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की खऱ्या वैऱ्यांत इतके कमी ट्रेड का होतात.

पिकचा हिशेबही असाच फसवा. 2009 मध्ये टोरांटोने बॉस्टनकडून फिल केसल घेतला, दोन पहिल्या फेरीचे आणि एक दुसऱ्या फेरीचा पिक देऊन. यंत्र पहिल्या फेरीचा पिक मधोमध, सोळाव्याच्या आसपास धरतं. प्रत्यक्षात आम्ही इतके वाईट खेळलो की पहिला पिक दुसऱ्या क्रमांकाचा निघाला, त्यावर टायलर सेगिन, आणि दुसरा नवव्या, त्यावर डगी हॅमिल्टन. वैऱ्याला स्वतःचा पिक देणं म्हणजे आपल्या पराभवात त्याला भागीदार करून घेणं. बॉस्टनचे लोक त्या वर्षी आमचे निकाल आमच्यापेक्षा जास्त आवडीने बघत असणार.

तरी तिऱ्हाइताला विकलं म्हणजे सुटलो असंही नाही, हे मला मिको रांटानेनचा सौदा मांडताना उमगलं. जानेवारी 2025 मध्ये कोलोराडोने त्याला कॅरोलायनाला दिला. कोलोराडो पश्चिम गटात, हा पूर्व गटातला संघ, म्हणून अंतिम फेरीखेरीज प्लेऑफमध्ये गाठ नाही. शहाणपणाचं काम. सहा आठवड्यांत कॅरोलायनाने तो पुढे दिला डॅलसला, म्हणजे कोलोराडोच्याच विभागात. 3 मे 2025 ला पहिल्या फेरीच्या सातव्या सामन्यात रांटानेनने तिसऱ्या सत्रात हॅट्ट्रिक केली आणि कोलोराडो घरी गेलं. तिऱ्हाइताने जमीन परत बांधावरच्यालाच विकली की!

मधल्या काळात बातम्या होत्या की कॅरोलायनाला रांटानेनच्या बदल्यात आमचा मिच मार्नर हवा होता, आणि मार्नरने नो-मूव्ह सोडायला नकार दिला. मी तो सौदा मांडून पाहिला. पट्टी सुरेख पिवळी. मार्नरच्या नावापुढे बारीकसं कुलूप, मुगाच्या दाण्याएवढं, आणि तरी 'सौदा पूर्ण' असा हिरवा शिक्का. अख्खा व्यवहार ज्या एका 'नाही'वर अडला त्याची यंत्रात किंमत मुगाएवढी. पुढे मार्नर उन्हाळ्यात व्हेगासला गेला आणि आमच्या हाती आला निकोलस रॉय. त्यावरची पट्टी मी बघितली नाही. काही गोष्टी बघू नयेत.

हा अनुभव मूळ ज्या सौद्यासाठी लिहायला घेतला त्याकडे येतो: मॉर्गन रायली बॉस्टनला, हॅम्पस लिंडहोम टोरांटोला. असा जुळा सौदा शोधून सापडणार नाही. दोघं डावखुरे बचावपटू, दोघांचा जन्म 1994 च्या सुरुवातीचा. 2012 च्या ड्राफ्टमध्ये रायली पाचवा, लिंडहोम सहावा. दोघांचे करार 2030 पर्यंत, रायलीचे वर्षाला 75 लाख, लिंडहोमचे 65. फरक दहा लाखांचा, तोही आमच्या फायद्याचा. रायलीचा जोर हल्ल्यावर, 2018-19 मध्ये त्याने 72 गुण (गोल आणि गोलला केलेलं साहाय्य मिळून) केले होते. लिंडहोम आधी स्वतःचा गोल राखतो.

पहिल्यांदा मांडला तेव्हा पट्टी बॉस्टनच्या बाजूला गडद हिरवी झाली. कारण शोधायला अर्धा तास गेला. यंत्र मागच्या तीन हंगामांत किती सामने खेळला ते मोजतं, आणि 2024-25 मध्ये लिंडहोम फक्त 17 सामने खेळला. नोव्हेंबरात त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली होती. वाटी फुटणं आणि पाय थकणं यात फरक आहे, पण यंत्राच्या लेखी दोन्ही म्हणजे न खेळलेले सामने. तो हंगाम वगळायची सोय नाही. मी कागदावर वगळून हिशेब केला, तेव्हा माझ्या मते पारडं आमच्याकडे झुकलं. मित्राने त्याच्या कागदावर केला तेव्हा त्याच्याकडे झुकलं. दोघांना आपलाच फायदा दिसत असेल तर सौदा व्हायलाच हवा, नाही का? फोनवर दीड तास बोललो. शेवटी तो म्हणाला, "अरे, रायली 2013 पासून तुमच्याकडे आहे, 2018, 2019, 2024 तिन्ही सातव्या सामन्यांत आमच्यासमोर हरलाय. तो आमच्या जर्सीत टोरांटोत आला तर तू टाळ्या वाजवशील की हुर्यो करशील?" मला उत्तर देता आलं नाही. त्या कुलपाचं काय, रायली मुळात हो म्हणेल का, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

बाकी किरकोळ. फोनवर पट्टी अर्धी कापली जाते, लॅपटॉपवरच वापरा. वार्षिक वर्गणी घेऊ नका, ट्रेडची मुदत मार्चमध्ये संपते आणि उन्हाळ्यात जूनअखेर ते जुलैचा पहिला आठवडा सोडला तर काही हलत नाही. पगाराचा रकाना चोख आहे, सात महिन्यांत एकदाही चुकलेला सापडला नाही. 2026-27 च्या हंगामाची 10.4 कोटींची मर्यादा टाकून बघता येते, आणि आजचा महाग करार दोन वर्षांत कसा सोसण्याजोगा होतो ते लगेच दिसतं. आमच्या नीलँडरच्या वर्षाच्या 1.15 कोटींकडे बघताना माझा रक्तदाब त्यामुळेच ताळ्यावर आहे. पाचपैकी साडेतीन तारे, 15 टक्के लिहिता आले तर चार.

रायली-लिंडहोमचा मसुदा अजून सेव्ह आहे. काल रात्री मित्राने त्यात चौथ्या फेरीचा एक पिक टाकून परत पाठवला. पिक माझ्याच बाजूने वजा केलाय.