गाइडेड वेव्हने पाइपलाइन तपासून घेतली: काय सापडलं आणि काय दिसलंच नाही

इन्सुलेशनखालचा गंज ज्याने एकदा उघडून बघितलाय त्याला परत काही समजावून सांगावं लागत नाही. बाहेरून क्लॅडिंग, म्हणजे वरचा पत्रा, चकचकीत, पट्ट्या जागच्या जागी, आणि आत रॉकवूलचा लोकरीसारखा थर ओला होऊन पाइपला चिकटलेला. आमच्याकडे पाइपरॅकवरून जाणाऱ्या ६ इंची कार्बन स्टीलच्या जुन्या लाइन्स आहेत, त्या सगळ्या सोलून बघायच्या म्हणजे स्कॅफोल्डिंग, परमिट, सोलणारी माणसं, परत इन्सुलेशन चढवणारी माणसं, तपासणीपेक्षा सोलण्याचंच काम मोठं. म्हणून यावेळी गाइडेड वेव्ह टेस्टिंगची सर्व्हिस घेतली, काहीजण याला एलआरयूटी म्हणतात, म्हणजे लाँग रेंज अल्ट्रासॉनिक, पाइपच्या भिंतीतून लांबवर ध्वनिलहर सोडून गंज शोधायचं तंत्र. चार दिवस काम चाललं, मी पूर्ण वेळ टीमबरोबर होते, त्यामुळे जे लिहितेय ते बघून लिहितेय.

आधी थोडक्यात सांगते हे चालतं कसं, कारण ते कळल्याशिवाय रिपोर्ट वाचताच येत नाही. नेहमीचं थिकनेस गेज प्रोब ठेवला त्या नाण्याएवढ्या जागेची जाडी सांगतं, ५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतं. इथे फ्रिक्वेन्सी साधारण २० ते १०० किलोहर्ट्झ, म्हणजे लहर एकदम लांब, ३० किलोहर्ट्झला स्टीलमध्ये जवळपास ११ सेंटीमीटर, आणि अशी लहर पाइपची अख्खी भिंत धरून दोन्ही दिशांना लांबपर्यंत जाते, वाटेत जिथे भिंतीचा आकार बदलतो तिथून थोडी परत येते. लहरीच्या हालचालीच्या प्रकाराला मोड म्हणतात, बहुतेक वेळा टॉर्शनल मोड वापरतात, पाइपला किंचित पीळ दिल्यासारखी हालचाल. तिचा फायदा असा की सगळ्या फ्रिक्वेन्सीला तिचा वेग एकच, सेकंदाला सुमारे ३२६० मीटर, त्यामुळे सिग्नल वाटेत पसरट होत नाही, आणि आत पातळ द्रव असला तरी लहर त्यात विरून जात नाही. आमच्या लाइन्स चालू होत्या, शटडाऊन घ्यावं लागलं नाही, माझ्या दृष्टीने अर्धी किंमत तिथेच वसूल.

आणि हे काही काल-परवा आलेलं नाही बरं का. प्लेटमधल्या लहरींचं गणित हॉरेस लँबने १९१७ ला मांडलं, पोकळ सिलिंडरचं डेनॉस गॅझिसने १९५९ ला, आणि रासायनिक प्लांटमधल्या इन्सुलेशनखालच्या गंजासाठी ते प्रत्यक्ष वापरात आणायचं मोठं काम लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये नव्वदच्या दशकात झालं, पीटर कॉली, माइक लोव, डेव्हिड अलेन ही त्यातली नावं.

आता प्रत्यक्ष काम. पहिल्या जागेवर जेमतेम १ मीटरचा पट्टा सोलला. ऑपरेटरने लगेच रिंग नाही लावली, आधी हातमोजा काढून पाइप चाचपला, एका बाजूला पेंटचा पोपडा सुटला होता तो घासून सपाट केला, मग गेजने चारी बाजूंनी जाडी घेतली, ७.० ते ७.२ मिलिमीटर. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाला, "मॅडम, रिंगच्या खाली आणि लगतच्या अर्ध्या-एक मीटरमध्ये मला काहीच दिसत नाही, तेवढं आपणच बघून घ्यायचं." मग दोन अर्ध्या वर्तुळांची रिंग पाइपभोवती बसवली, आत प्रोबच्या रांगा, लॅच बंद करून हवा भरली की प्रोब सगळीकडून सारखे दाबले जातात, जेल वगैरे काही लागत नाही. दोन-तीन प्रोब नीट टेकत नव्हते, ते लॅपटॉपवर दिसलं तशी रिंग सोडून चार बोटं सरकवून परत लावली. असं करायला कंटाळणारी टीमही मी बघितलीय, त्याचं पुढे लिहिते.

स्क्रीनवर मुख्य दोन रेघा, एक काळी एक लाल. काळी म्हणजे पाइपच्या सगळ्या घेरातून सारखं परत आलेलं, वेल्ड किंवा फ्लँजसारखं (फ्लँज म्हणजे दोन पाइप बोल्टने जोडायची चकती). लाल म्हणजे एकाच बाजूने आलेलं, आणि गंज सहसा एका बाजूलाच असतो. वेल्ड ३.९, ९.९ आणि १५.९ मीटरवर व्यवस्थित काळे उभे राहिले, लाल त्यांच्या पायाशी. पण १४.३ मीटरवर, जिथे ड्रॉइंगमध्ये काहीच नव्हतं, काळी आणि लाल जवळपास एकाच उंचीच्या. लहर तिथे जाऊन परत यायला ९ मिलिसेकंदसुद्धा लागले नाहीत. त्याने फ्रिक्वेन्सी खालीवर करून बघितली, जागा हलली नाही. मग तो म्हणाला, "इथे उघडावं लागेल. सेक्शन, म्हणजे भिंतीचा आडवा छेद, ६ ते ८ टक्के गेलंय असं दिसतंय, पण खोल किती ते मी सांगू शकत नाही, आतून आहे का बाहेरून तेही नाही." या एका वाक्यावर माझा त्या माणसावर विश्वास बसला. टेप लावून क्लॅडिंग कापलं, जोडावरचं सीलंट फाटलेलं होतं, रॉकवूल पिळलं असतं तर पाणी निघालं असतं, पाइपवरून गंजाचे थर पापुद्र्यासारखे सुटले, आणि घासून गेज लावलं तर सगळ्यात पातळ जागी ४.२. मूळ ७.१. खड्डा तळहाताएवढा. हे नसतं केलं तर ही जागा आम्ही कधी उघडली असती मला खरंच माहीत नाही, कारण तिथे खालून चालताना वर बघितलं तरी संशय यावा असं काहीच नव्हतं.

चार दिवसांत अशी ५ ठिकाणं निघाली. ३ ठिकाणी खरंच गंज, १ ठिकाणी ड्रॉइंगवर नसलेलं वेल्ड केलेलं सपोर्ट पॅड, आणि १ ठिकाणी उघडून काहीच मिळालं नाही. मला हा हिशोब चांगला वाटतो. नुसता पाइप टेकलेला सपोर्ट असेल तर त्याचा फारसा त्रास होत नाही, वेल्ड केलेला असेल तर तो स्वतःच जोरात परतावा देतो आणि त्याच्या लगतचा गंज त्यात लपतो, म्हणून तसले सपोर्ट आम्ही वेगळे जाऊन बघितले.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त गैरसमज होतो ती. हे तंत्र खड्ड्याची खोली मोजत नाही, भिंतीच्या आडव्या छेदातलं किती क्षेत्रफळ गेलं तेवढंच त्याला कळतं, आणि दोष म्हणून नोंदवायची रेषा साधारण ५ टक्क्यांवर ठेवतात. कागदावर मांडून बघा. ६ इंची पाइप, भिंत ७.१ मिलिमीटर, छेद जवळपास ३६०० चौरस मिलिमीटर, त्याचे ५ टक्के १८०. अर्धी भिंत खाल्लेला खड्डा असेल तर तो घेरावर साधारण ५ सेंटीमीटर रुंद असायला हवा तेव्हा रेषेपर्यंत पोचणार. तेच २४ इंची, ९.५ मिलिमीटर भिंतीच्या पाइपवर १९ सेंटीमीटर! आणि ६ इंचीवरच ६ मिलिमीटर रुंदीचं आरपार भोक असेल तर ते १ टक्क्याच्या आसपास, म्हणजे लाइन गळत असेल आणि रिपोर्ट स्वच्छ येईल. बारीक खोल पिटिंगची, म्हणजे टाचणीसारख्या खड्ड्यांची, भीती असेल तर हे तंत्र घेऊच नका. हळूहळू पातळ होत गेलेली लांब भिंतसुद्धा याला नीट दिसत नाही, कारण परतावा द्यायला कडच नसते. पाइपच्या लांबीच्या दिशेने गेलेला तडा तर सोडूनच द्या.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हेच काम दुसऱ्या एका एजन्सीकडून करून घेतलं होतं, नाव घेत नाही. रिपोर्ट आला, ६० मीटर तपासले, लक्षणीय दोष नाही, सही-शिक्का. आठ महिन्यांनी दुसऱ्या एल्बोच्या, म्हणजे पाइपच्या वळणाच्या, पुढे गळती. जुनी फाइल यावेळच्या ऑपरेटरला दाखवली, त्याने ग्राफवर बोट ठेवलं, २२ मीटरनंतर मागचा नॉइज, म्हणजे सिग्नलमधली फालतू खरखर, ५ टक्क्यांच्या रेषेला टेकलेला होता, म्हणजे टेस्ट तिथेच संपली होती आणि पुढचे ३८ मीटर नुसते कागदावर. एल्बोवरून गेली की लहर वेडीवाकडी होते, मोड बदलतात, एका बेंडच्या पुढचं जपून वाचायचं आणि दोन बेंडच्या पुढचं धरायचंच नाही, फ्लँज आली की लहर तिथेच संपली. हे त्यांना माहीत नव्हतं असं मला वाटत नाही आणि त्याचाच मला आजही राग आहे, कारण त्या रिपोर्टवर विसंबून आम्ही ती लाइन यादीतून खाली ढकलली होती.

यावेळच्या टीमचा नियम होता की नोंदवायची रेषा नॉइजच्या निदान दुप्पट असेल तिथपर्यंतच तपासलं म्हणायचं. मोकळ्या रंगवलेल्या लाइनवर एका बाजूला ४० मीटरसुद्धा मिळाले, आणि रस्त्याखालून जाणाऱ्या बिटुमेन (डांबर) लावलेल्या तुकड्यात जेमतेम ७. बिटुमेन लहर शोषून घेतं, जमिनीखाली हे होणारच. ते क्रॉसिंग १८ मीटरचं, एका टोकाने ७, दुसऱ्या टोकाने ६, मधले ५ मीटर दिसलेच नाहीत, आणि रिपोर्टमध्ये ते ५ मीटर वेगळ्या रंगात भरून खाली 'न तपासलेला भाग' असं लिहिलेलं आहे.

तक्रारीही आहेत. जागेवरचा निकाल लगेच मिळतो पण पक्का रिपोर्ट यायला नऊ दिवस गेले, रॉ डेटा मागून मागून मिळाला, आणि तिसऱ्या दिवशी मुख्य ऑपरेटरऐवजी शिकाऊ मुलगा पाठवला होता, त्याने एका वेल्डलाच दोष म्हणून टाकलं, मग दुसऱ्या दिवशी ती जागा परत करून घेतली. वेल्डचा परतावा साधारण २० टक्के धरून सगळी मोजपट्टी लावतात, वेल्डची कॅप, म्हणजे वरचा उंचवटा, जास्त उंच असेल तर सगळे टक्के चुकतात, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मशीनपेक्षा वाचणारा महत्त्वाचा, म्हणून ऑर्डरमध्येच लिहून घ्या की प्रमाणित ऑपरेटर कोण येणार, प्रत्येक जागेवरून किती मीटर खरंच दिसलं ते नोंदवायचं, रॉ डेटा आमचा, आणि प्रत्येक खुणेवर गेजने खात्री करायची. जमिनीवरच्या पाइपिंगसाठी आयएसओ १८२११ आणि एएसटीएम ई २७७५ आहेत, त्यांचा उल्लेख टाका.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक गुण रिपोर्टच्या उशिरासाठी आणि त्या शिकाऊ मुलासाठी कापला. रॅकवरच्या राहिलेल्या लाइन्स याच टीमला देणार आहे, आणि क्रॉसिंगचे ते मधले ५ मीटर रजिस्टरमध्ये 'बघितलेले नाहीत' असेच चढवलेत, पुढच्या शटडाऊनला ती लाइन हायड्रोटेस्टच्या (पाणी भरून दाबाखाली तपासण्याच्या) यादीत घातलीय.