आयपीकेएफ: श्रीलंकेत थांबायला हवं होतं की १९९० ला परत आलो तेच बरं?

परदेशात सैन्य पाठवायचा विषय निघाला की हा वाद हमखास येतो. थोडक्यात सांगतो: १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, त्यानुसार आपली शांतिसेना, म्हणजे आयपीकेएफ, तिकडे गेली, आणि वेगळा तमिळ देश मागणाऱ्या एलटीटीई या बंडखोर संघटनेशीच तिला लढावं लागलं, ते ऑपरेशन पवन. मी तेव्हा श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआ भागात पलटणीबरोबर होतो, त्यामुळे माझं मत जमिनीवरून बनलंय, दिल्लीतून तेव्हा वेगळं दिसत असेल.

थांबायला हवं होतं म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. नोव्हेंबर १९८८ मधे आपल्याच बंदोबस्तात उत्तर-पूर्व प्रांताची निवडणूक झाली, वरदराज पेरुमल मुख्यमंत्री झाले, आणि आपली पाठ वळली तशी ती सगळी व्यवस्था कोसळली. जून १९९० ला लढाई परत पेटली ती थेट २००९ पर्यंत. जी तमिळ पोरं आपल्या भरवशावर एलटीटीईच्या विरोधात उभी राहिली त्यांचे फार हाल झाले, हे मला आजही टोचतं. आणि अकराशेच्या वर जवान गेले, मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे मेजर परमेश्वरन गेले, मग अर्ध्यात का सोडलं, असं घरचे विचारतात तेव्हा त्यांना चूक म्हणवत नाही. पण गेलेल्यांसाठी अजून जवान पाठवत राहायचं, हे मला पटत नाही.

आता रोजचं काम काय होतं ते सांगतो. रोड ओपनिंग. पहाटे रस्त्याच्या दोन्ही कडेनी चालत निघायचं, प्रत्येक मोरीखाली वाकून बघायचं, माती नवी दिसली की काठीने उकरायची, कारण सुरुंग रस्त्याखाली पुरायचे आणि वायर लांब ताडाच्या बनात नेऊन तिथून बॅटरीने उडवायचे. कॉन्व्हॉय सुखरूप गेला की आम्ही कॅम्पात, रात्रभर रस्ता एलटीटीईचा, सकाळी परत त्याच मोऱ्या. भाषा येत नाही, त्यामुळे समोरचा शेतकरी आहे की खबऱ्या ते कळायला मार्ग नाही.

हेही मी सोसलं असतं. माझं मत फिरलं ते एकाच गोष्टीने. ज्यांच्या सरकारने करार करून आपल्याला बोलावलं, त्याच देशाचे पुढचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा यांनी १ जून १९८९ ला जाहीरपणे सांगितलं की २९ जुलैपर्यंत निघा, आणि त्यांच्याच सरकारकडून एलटीटीईला हत्यारं गेली, आपल्याविरुद्ध वापरायला! यजमानच समोरच्याला गोळ्या पुरवतोय म्हटल्यावर पोरांनी त्या मोऱ्या नेमक्या कोणासाठी तपासायच्या? आम्ही आपसात हेच बोलायचो आणि याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. अजून एखादं वर्ष थांबून पेरुमल सरकार टिकलं असतं का? कदाचित. पण कोलंबोलाच ते नको होतं, मग आपण किती दिवस धरून ठेवणार.

त्यामुळे दोन्हीत निवडायचं तर मी परत येण्याच्या बाजूने. व्ही. पी. सिंग सरकारने मार्च १९९० ला शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून काढली ते योग्यच झालं, खरं तर प्रेमदासांनी जा म्हटलं त्याच वर्षी पूर्ण निघायला हवं होतं. फक्त आपल्या बाजूने लढलेल्या त्या पोरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी निघायच्या आधी त्यांना भारतात आणायला जास्त जहाजं लावायला हवी होती, असं मला वाटतं.