अंकोरला तीन दिवस देणारी सहल

परदेशी सहलीचं पत्रक हातात आलं की आपण आधी देश मोजतो. मीही मोजायचे. सहा वर्षांपूर्वी दहा दिवसांत पाच देश पाहून आले आणि आज त्यातलं आठवतं ते फक्त बसच्या खिडकीतून दिसलेलं. म्हणून कंबोडियाला जायचं ठरल्यावर सोलापुरातल्या सहलींच्या तीन ऑफिसांत एकच प्रश्न विचारला: अंकोरला, म्हणजे तिथल्या जुन्या देवळांच्या परिसरात, प्रत्यक्ष किती वेळ थांबणार? एक म्हणाला, "मॅडम, अर्धा दिवस खूप झाला." दुसऱ्यानं विमानाच्या वेळा सांगितल्या. तिसऱ्यानं अंकोरचा तीन दिवसांचा प्रवेश-पास, बाराच माणसं आणि तिन्ही दिवस एकच परवानाधारक गाईड, हे सगळं लिहून दिलं. माणशी अकरा हजार जास्त पडले. आम्ही दोघं तिथेच गेलो.

अंकोर वाट हे राजा दुसऱ्या सूर्यवर्मननं 12व्या शतकात बांधलेलं विष्णूचं देऊळ. तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य शिखरांच्या मागून वर येतो आणि तो बघायला पहाटे पाचपासून तळ्याकाठी ही गर्दी. ऊन वर आलं की बहुतेक जण नाश्त्याला हॉटेलवर परततात. आमच्या गाईडनं नेमकं तेव्हाच आम्हाला आत नेलं. पूर्वेच्या ओवरीत कोवळं ऊन पडलं होतं आणि जवळजवळ 49 मीटर लांब भिंतीवर एकच प्रसंग कोरलेला: समुद्रमंथन. एकीकडे 92 असुर, दुसरीकडे 88 देव, सगळ्यांच्या हातात वासुकी, मध्ये विष्णू आणि खाली कासव. मी हवेत बोट धरून असुर मोजायला लागले, चाळिशीत चुकले, परत पहिल्यापासून सुरुवात केली. कुणी घाई केली नाही. मग गाईडनं खाली वाकून कोरलेलं पाणी दाखवलं. कडेचे मासे अख्खे आहेत, पण रवीजवळचे घुसळणीनं तुटलेले. एवढं बारीक काम त्यानं दाखवलं नसतं तर मी समोरून निघून गेले असते.

दुपारी पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र. बाणांवर पडलेले भीष्म दिसल्यावर आमचे हे तिथेच बसले. गुडघ्यांमुळे वरच्या मजल्याचा उभा जिना त्यांना जमणार नव्हता. गाईड म्हणाला, "गोष्ट तुम्ही सांगा, कारागिरी मी सांगतो." अर्धा तास दोघांचं तेच चाललं होतं.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. वरच्या मजल्यावर खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, हे पत्रकात कुठेच नव्हतं. आमच्यातल्या एका मुलीला बिनबाह्यांच्या ड्रेसमुळे खालूनच परत फिरावं लागलं. पंचा तरी बॅगेत टाका म्हणून सांगायला काय हरकत होती? दुसरी म्हणजे रत्नांचं दुकान. तिथे दीड तास सक्तीचा, आणि तो वेळ आमच्या पैशांतलाच.

तिसऱ्या दिवशी परत तसंच दुकान होतं. आम्ही स्पष्ट नाही म्हटलं, तेव्हा गाईडनं ऑफिसला फोन करून आम्हाला पुओकच्या रेशीम केंद्रावर नेलं. माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात माग होते, शाळेतून आले की कांड्या भरायचं काम माझ्याकडे. तिथे पिवळ्याधमक कोषांचं सोनेरी रेशीम बघितलं. एक बाई चौकटीवर ताणलेल्या बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याला गाठी मारत होती. अशा धाग्यानं विणलेल्या कापडाला 'होल' म्हणतात. रंगात बुडवायच्या आधी जिथे गाठ, तिथे रंग लागत नाही. नक्षी विणायच्या आधीच धाग्यात तयार असते. ती एकदाही नमुन्याच्या कागदाकडे बघत नव्हती. तिनं माझ्या हातात दोरा दिला. माझी गाठ सैल बसली. तिनं ती सोडवली आणि परत दाखवली.

जेवणाचं म्हणाल तर ठीक. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मी नेली होती, बाराही जणांना पुरली.

पास 1 दिवसाचा 37 डॉलर, 3 दिवसांचा 62. पैशातला फरक एवढाच, म्हणून पास सहलीच्या पैशांत धरलाय का आणि कितीचा धरलाय, हे आधीच विचारा. सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाली की माझी नणंद निघतेय. तिच्यासाठी याच ऑफिसात पैसे भरलेत, फक्त रत्नांचं दुकान वगळून पुओक लिहून घेतलंय.