सक्तीची ॲमेनिटी फी: फ्लोरिडातल्या ५५-प्लस कम्युनिटीत १४ महिने राहिल्यावर

आम्ही दोघं न्यू जर्सीचं घर विकून ओरलँडोपासून तासाभरावरच्या एका फिफ्टी-फाइव्ह प्लस कम्युनिटीत, म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांसाठीच्या वसाहतीत, राहायला आलो, त्याला आता १४ महिने झाले. कम्युनिटीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखीतली तीन-चार मराठी कुटुंबं सध्या अशीच घरं बघतायत आणि प्रत्येकाचा फोनवर पहिला प्रश्न असतो, "महिन्याला फी किती पडते?" मी त्यांना सांगते, आकडा नंतर विचारा, आधी क्लबहाउस कोणाच्या मालकीचं आहे ते विचारा. हे मला घर घेताना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमचं बिल दोन तुकड्यांत येतं. एचओएचे (होमओनर्स असोसिएशन, म्हणजे घरमालकांची संस्था) १६४ डॉलर, त्यात गवत कापणं, गेट आणि आतले रस्ते. आणि ॲमेनिटी फीचे २१२ डॉलर, त्यात क्लबहाउस, दोन पूल, जिम, टेनिस आणि पिकलबॉल कोर्ट, लाकूडकामाची खोली. ही दुसरी फी जिमच्या मेंबरशिपसारखी बंद करता येत नाही. तिची अट जमिनीला चिकटलेली असते. घराच्या डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, ज्या डिक्लरेशनचा (कम्युनिटीच्या नोंदवलेल्या नियमपत्राचा) उल्लेख असतो, त्यात ती लिहिलेली असते आणि घर विकलं की ती नव्या मालकाकडे जाते. तुम्ही पुलात पाय घाला किंवा घालू नका, फी द्यावीच लागते.

फ्लोरिडाच्या कायद्यात, एचओएसाठी असलेल्या ७२०व्या प्रकरणात, खरेदीचा करार करण्याआधी एक डिस्क्लोजर समरी देणं बंधनकारक आहे. एका पानाचा कागद असतो. असेसमेंट (संस्थेची वर्गणी) भरावी लागेल, न भरल्यास घरावर लीन, म्हणजे थकबाकीचा बोजा, येऊ शकतं, करमणुकीच्या सोयींसाठी भाडं किंवा जमीन वापराची फी द्यावी लागू शकते, हे सगळं त्यात सरळ छापलेलं असतं. तो कागद आधी न देता करार झाला, तर कागद हातात पडल्यापासून तीन दिवसांत किंवा क्लोजिंगच्या (घर नावावर होण्याच्या) आधी, जे आधी येईल तोवर, करार रद्द करता येतो. आमच्या रिअल्टरने तो दिला होता. ८६ पानांच्या गठ्ठ्यात मधेच कुठेतरी होता, आणि आम्ही बाणाच्या चिकटपट्ट्या दिसतील तिथे सह्या करत गेलो. यांनी आयुष्यभर ऑडिट केलं, तरी तो कागद आम्ही दोघांनीही वाचला नाही. तुम्ही कृपा करून वाचा.

आता मालकीचं. क्लबहाउस रहिवाशांच्या संस्थेचं असेल, तर फीचे पैसे खर्चाला जातात आणि हिशेब मागता येतो. क्लबहाउस बिल्डरच्या खासगी मालकीचं असेल, तर फीत त्याचा नफाही असू शकतो. याच मुद्द्यावर फ्लोरिडातल्याच पोइन्सियानातल्या सोलिव्हिटा या ५५-प्लस कम्युनिटीचे रहिवासी कोर्टात गेले. सक्तीच्या क्लब फीत नफा धरणं ७२०व्या प्रकरणात बसत नाही, असा निकाल लागला, साडेतीन कोटी डॉलरच्या घरात रक्कम परत करायचा हुकूम झाला आणि २०२३ मध्ये अपील कोर्टाने रहिवाशांची बाजू उचलून धरली. फ्लोरिडात असं घर घेणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असायला हवा.

ॲरिझोनातली सन सिटी ही निवृत्तांची वसाहत याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. १ जानेवारी १९६० ला ती विक्रीसाठी खुली झाली, आणि आज तिथली सात रिक्रिएशन सेंटर रहिवाशांच्याच ना-नफा संस्थेच्या मालकीची आहेत. फी तिथेही सक्तीची आहे, ती डीडमधूनच येते, पण बोर्ड निवडणारेही रहिवासीच. आमच्याकडच्या, फ्लोरिडातल्या, 'द व्हिलेजेस' या मोठ्या ५५-प्लस वसाहतीत तिसरीच पद्धत आहे. बहुतेक सोयी तिथल्या विशेष जिल्ह्यांच्या (एक प्रकारच्या स्थानिक सरकारी संस्थांच्या) हातात आहेत आणि ॲमेनिटी फी महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे हलते. आमचं क्लबहाउस काही वर्षांपूर्वी बिल्डरकडून असोसिएशनकडे आलेलं निघालं. हे आम्हाला घर घेतल्यावर कळलं. तपासून घेतलं म्हणून चांगलं निघालं, असं मी म्हणू शकत नाही.

वापराबद्दल मात्र मनापासून सांगते. माझ्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे. न्यू जर्सीत हिवाळ्याचे चार महिने मी घरात अडकायचे. इथे सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठला इनडोअर पुलात आमचा वर्ग असतो. छातीएवढ्या कोमट पाण्यात वीस-बावीस बायका, हातात फोमचे डंबेल, आणि कडेला उभी राहून आकडे मोजणारी ७८ वर्षांची शिक्षिका. चौथ्या महिन्यात मी कठडा न धरता जिना उतरले. यांना लाकूडकामाच्या खोलीत सोबती मिळाले. त्यांनी तिथे पहिली वस्तू बनवली ती देवघर, सागवान मिळालं नाही म्हणून मेपलचं. महिना २१२ डॉलरमध्ये आम्हा दोघांना हे मिळतंय आणि ते आम्हाला परवडतं.

नोव्हेंबरात इनडोअर पूल बंद पडला. हवेतला ओलावा खेचणारं युनिट गेलं आणि ११ आठवडे दारावर कागद चिकटवलेला होता. बाहेरच्या पुलाला हीटर नाही, आणि मध्य फ्लोरिडातल्या जानेवारीच्या सकाळी त्या पाण्यात गुडघे घालायची सोय नसते. फी एक डॉलरनेही कमी झाली नाही. ऑफिसात विचारलं तर "पार्ट यायचाय" एवढंच उत्तर.

तेव्हा एका शेजाऱ्याने सांगितलं की लेखी मागणी केली तर असोसिएशनला दप्तर दाखवावंच लागतं, कामाच्या १० दिवसांत. मी रजिस्टर्ड टपालाने पत्र पाठवलं. दहाव्या दिवशी खोकंभर कागद मिळाले. यांनी तीन संध्याकाळी डायनिंग टेबलावर ते पसरून लावले. रिझर्व्हच्या, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी बाजूला ठेवायच्या पैशांच्या, तक्त्यात त्या युनिटचं उरलेलं आयुष्य 'शून्य वर्षं' लिहिलेलं होतं, तेही दोन वर्षांपासून. आणि त्याच दोन वर्षांत फीच्या पैशांतून क्लबहाउसमधल्या रेस्टॉरंटचा तोटा भरून काढला होता. महाराष्ट्रातल्या सोसायटीत सिंकिंग फंडाला हात लावायचा तर जनरल बॉडीत गदारोळ होतो. इथे ४०० लोकांच्या सभागृहात मी मीटिंगला गेले तेव्हा ३१ जण होते. मला बोलायला तीन मिनिटं मिळाली. मी फक्त दोन आकडे वाचून दाखवले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण पुढच्या महिन्यापासून दुरुस्तीची कामं अजेंड्यावर नावानिशी येऊ लागली. फेब्रुवारीत पूल उघडला.

सगळ्यात जास्त त्रास मला समोरच्या घरातल्या बाईंचं पाहून झाला. त्या ८४ वर्षांच्या. नवरा गेल्यावर सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, एकच चेक येतो. फी घरामागे आहे, माणसामागे नाही, त्यामुळे दोघांसाठी होती तेवढीच एकटीला. मार्चमध्ये त्या हातात पाकीट घेऊन आमच्या दारात आल्या. चार महिन्यांची थकबाकी होती, आणि लीन लावण्याआधीची ४५ दिवसांची नोटीस होती. डिक्लरेशनमध्ये व्याजाचा दर दिलेला नसेल तर कायद्याने वर्षाला १८ टक्के लागतात, ते धरून आकडा फुगला होता. लीन पुढे फोरक्लोजरपर्यंत, म्हणजे घर जप्त होऊन विकलं जाण्यापर्यंत, जाऊ शकतं. राहतं घर इतर बऱ्याच देण्यांपासून फ्लोरिडात सुरक्षित असतं, पण या देण्यापासून नसतं. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, क्लबला जात नाही म्हणजे फार तर कार्ड बंद करतील.

आम्ही त्यांच्यासोबत ऑफिसात गेलो आणि थकबाकी १२ हप्त्यांत फेडायचं लेखी घेतलं. ते मिळालं, कारण नोटिशीची मुदत अजून संपली नव्हती. तुमच्या ओळखीत कोणी एकटं राहत असेल, तर त्यांच्याकडे असं पाकीट न उघडता पडलेलं नाही ना, हे आजच विचारा.

घर बघणाऱ्यांना एवढंच सांगते. डिक्लरेशनमध्ये फी वाढवण्याचं कलम शोधा, कमाल मर्यादा आहे का बघा. गेल्या तीन वर्षांचं बजेट आणि रिझर्व्हचा तक्ता विकणाऱ्याकडून मागवून घ्या. घर पुन्हा विकताना लागणारी एकरकमी वर्गणी वेगळी असते, आमच्याकडे ती आहे. सकाळी आठला आणि दुपारी चारला स्वतः क्लबहाउसमध्ये जाऊन बसा. आम्ही शनिवारी दुपारी बघितलं होतं, तेव्हा सगळं रिकामं आणि चकाचक होतं. आणि तुमच्यापैकी एकच जण मागे राहिला तर ही फी कशी भरणार, हे दोघांनी समोरासमोर बसून आताच बोला.

एकट्या राहणाऱ्यांना सवलत द्यायची तर डिक्लरेशन बदलावं लागेल, आणि त्याला आमच्याकडे दोन तृतीयांश घरमालकांची मतं लागतात. मी आणि पुलातल्या दोघी जणी दारोदार फिरतोय. कालपर्यंत ६१ सह्या झाल्या. पहिली सही समोरच्या बाईंची आहे. बुधवारी त्या आमच्याबरोबर पुलावर आल्या तेव्हा त्यांचं कार्ड गेटवरच्या यंत्राला चालेना. पाहिलं तर नव्याचं प्लास्टिक अजून काढलेलंच नव्हतं.