पेमेंट हब घ्यायचं की सरळ गेटवे? आमच्या आंब्याच्या सीझनचा अनुभव

गेटवे म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाचं ऑनलाइन पेमेंट घेऊन देणारी कंपनी, हे तुम्हाला माहीत असेलच. फक्त एक, बोलताना आपण ज्याला गेटवे म्हणतो तो आरबीआयच्या नियमांप्रमाणे बहुतेक वेळा पेमेंट ॲग्रिगेटर असतो, म्हणजे पैसे त्याच्या हातातून जातात. हब म्हणजे अशा दोन-चार जणांच्या वर बसलेला थर, तुमची वेबसाइट हबशी बोलते आणि कुठलं पेमेंट कुणाकडून न्यायचं ते हब ठरवतं.

आमचा धंदा देवगड हापूसच्या पेट्या थेट घरी पोचवायचा, जी काय कमाई ती एप्रिल-मेमधली. दोन सीझन हब वापरलं, आता परत गेटवेवर आलोय. पण हब वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एका गेटवेचं यूपीआय अडकलं तेव्हा हबने आपोआप दुसरीकडून पेमेंट घेतली, मला ते संध्याकाळी रिपोर्ट बघताना कळलं. आणि हिशोब! बँकेत येते एक ठोक रक्कम, त्यातून फी, फीवरचा १८ टक्के जीएसटी, रिफंड सगळं आधीच वजा, आणि प्रत्येक गेटवेची एक्सेल वेगळी. हबमध्ये सगळं एकाच शीटवर, हिशोब बायको बघते, तिचा रोज रात्रीचा तासभर तरी वाचायचा.

तरी सोडलं, ते 'पेंडिंग' या एका शब्दामुळे.

डोंबिवलीच्या एका काकूंनी पाच डझनाच्या दोन पेट्या मागवल्या. त्यांचे पैसे कापले गेले, आमच्याकडे ऑर्डर पेंडिंग. त्यांनी व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवला, बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, स्पष्ट दिसत होता. हबवाले म्हणाले गेटवेकडून स्टेटस आलेलं नाही, गेटवेला फोन केला तर ते म्हणाले तुम्ही हबमधून येता, तिकीट त्यांनीच टाकायला हवं, आणि हबने टाकलेल्या तिकिटाला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की बँकेकडे चौकशी चालू आहे. इकडे काकूंचा दर दोन तासांनी फोन, आणि त्यांच्यासाठी बाजूला काढलेल्या पेट्यांमध्ये गवतात ठेवलेला आंबा रंग धरायला लागलेला. नियम असा आहे की पैसे कापले आणि दुकानदाराला कन्फर्मेशन गेलं नाही तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. कपडे विकणाऱ्याला पाच दिवस चालतील, हापूसला नाही चालत. तिसऱ्या दिवशी मी विश्वासावर पेट्या पाठवून दिल्या, चौथ्या दिवशी स्टेटस आलं, सक्सेस. त्या सीझनला असं दहा-बारा वेळा झालं.

आता दोन गेटवे थेट जोडलेत, एक रोजचा, एक राखीव, आणि डेव्हलपरकडून ॲडमिनमध्ये एक बटण करून घेतलंय. पहिला अडकला की मी मोबाइलवरून दुसरा चालू करतो, मधल्या वेळात चार-पाच ऑर्डर हातच्या जातात आणि बायकोचा तो तास परत खर्च होतो, हे खरंय. पण पेंडिंग दिसलं की मी स्वतः डॅशबोर्डवर यूटीआर टाकतो आणि बहुतेक वेळा तिथेच उत्तर मिळतं, नाही मिळालं तर फोन एकाच ठिकाणी करायचा असतो.

खर्चाचं म्हणाल तर आमच्या बहुतेक ऑर्डर यूपीआयवर, तिथे जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे पेमेंट घेतल्याबद्दल व्यापाऱ्याकडून कापली जाणारी फी, शून्य, मग हबचे दर व्यवहारामागचे वेगळे पैसे डोळ्यांत येतातच. शिवाय २०२५ च्या सुरुवातीला काही मोठ्या गेटवेंनी मधल्या थरातून येऊ नका, थेट जोडा असं व्यापाऱ्यांना सांगितलं होतं, तेव्हा तुमचा गेटवे कुठल्या हबसोबत चालतो ते आधी विचारा.

तुमचं सबस्क्रिप्शनचं काम असेल, गिऱ्हाइकांची कार्ड सेव्ह असतील तर मात्र हबचा विचार जरूर करा. ऑक्टोबर २०२२ पासून कार्ड नंबर आपल्याकडे ठेवता येत नाही, टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी वापरायचा कोड, लागतं, आणि एका गेटवेकडे बनलेलं टोकन सहसा दुसऱ्याकडे चालत नाही, हब असेल तर ते दुखणं कमी होतं. अकाउंट्सला वेगळी माणसं असतील तरी हब परवडेल कदाचित.

आमच्यासारखा तीन-चार माणसांचा, नाशवंत मालाचा धंदा असेल तर माझं मत गेटवेकडे झुकतं. तरीही हब घेणार असाल तर सही करण्याआधी एवढं लेखी घ्या, की पैसे कापलेल्या पेंडिंग ऑर्डरचं पक्कं उत्तर कोण देणार आणि किती तासांत.